पीसीबी आराखडा सॉफ्टवेअर

पीसीबी आराखडा सॉफ्टवेअर म्हणजे इलेक्ट्रॉनिक परिपथाची आकृती काढण्यासाठी आणि त्या आकृतीवरून मुद्रित परिपथ फलकाचा, अर्थात पीसीबीचा, प्रत्यक्ष आराखडा तयार करण्यासाठी वापरले जाणारे संगणकीय साधन होय. परिपथातील घटक फलकावर कोठे बसतील, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा कोणत्या मार्गाने जातील आणि छिद्रे कोठे व किती व्यासाची पडतील, हे सर्व या सॉफ्टवेअरमध्ये ठरवले जाते. त्यातून निघालेल्या फाइली कारखान्याकडे पाठवल्या की त्यांवरून फलक तयार होतो.

एकेकाळी ही साधने केवळ उद्योगसंस्थांनाच परवडत असत. आज मोफत किंवा मुक्त स्रोत साधने उपलब्ध असल्यामुळे विद्यार्थी आणि हौशी मंडळीही स्वतःचे फलक तयार करून घेऊ शकतात. ईगल, किकॅड, इझीईडीए आणि फ्रिट्झिंग ही या वर्गातील परिचित नावे आहेत. यांपैकी कोणते साधन प्रथम शिकावे, हा नवशिक्यापुढील नेहमीचा प्रश्न आहे. साधन शिकण्यास लागणारा वेळ, त्यात साठत जाणारा घटकसंग्रह आणि एका साधनातील काम दुसऱ्यात नेण्यातील अडचणी यांमुळे ही पहिली निवड अनेकदा दीर्घकाळ टिकते.

पार्श्वभूमी

पीसीबी हा विद्युतरोधक द्रव्याचा सपाट फलक असतो. त्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ थर चिकटवलेला असतो. नको असलेले तांबे रसायनाने काढून टाकले की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. या रेषांना व्यवहारात ट्रॅक म्हणतात. घटकाचा पाय जेथे सोल्डर केला जातो त्या तांब्याच्या ठिपक्याला पॅड म्हणतात, आणि एका थरावरील ट्रॅक दुसऱ्या थराशी जोडणाऱ्या, आतून तांब्याचा मुलामा असलेल्या छिद्राला व्हाया म्हणतात. हौशी कामात काचतंतू आणि इपॉक्सी यांपासून बनलेला एफआर-४ प्रकारचा १.६ मिलिमीटर जाडीचा फलक सर्वाधिक आढळतो. त्यावरील तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो.

साध्या प्रयोगासाठी ब्रेडबोर्ड पुरतो. त्यावर घटक टोचून परिपथ जुळवता येतो आणि मोडताही येतो. मात्र ब्रेडबोर्डवरील जोडण्या सैल होतात, तारांचा गुंता वाढतो आणि हीच रचना दुसऱ्यांदा तंतोतंत उभी करणे कठीण जाते. परिपथ कायमस्वरूपी करावयाचा असेल किंवा त्याच्या अनेक प्रती हव्या असतील, तेव्हा पीसीबीची गरज भासते आणि आराखडा सॉफ्टवेअरचा प्रश्न उपस्थित होतो.

कामाचे टप्पे

सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी कामाचा क्रम सामान्यतः सारखाच असतो.

पहिला टप्पा परिपथ आकृतीचा. यात रोधक, धारित्र, ट्रान्झिस्टर, समाकलित परिपथ इत्यादी घटक त्यांच्या रूढ चिन्हांनी मांडून रेषांनी जोडले जातात. कोणता पाय कोणत्या पायाशी जोडला आहे, एवढेच ही आकृती सांगते. घटकाचा आकार किंवा जागा यांच्याशी तिचा संबंध नसतो. आकृती पूर्ण झाल्यावर सॉफ्टवेअर तिची विद्युत तपासणी करते. एखादा पाय जोडायचा राहिला असल्यास किंवा दोन निर्गम पाय एकमेकांस जोडले गेले असल्यास ते दाखवून देते.

दुसरा टप्पा फूटप्रिंट नेमण्याचा. फूटप्रिंट म्हणजे घटक फलकावर बसण्यासाठी लागणाऱ्या पॅडची मांडणी. एकाच चिन्हाला अनेक फूटप्रिंट असू शकतात. उदाहरणार्थ, १० किलोओहमचा रोधक लांब पायांचा असेल किंवा फलकाच्या पृष्ठभागावर बसणारा सूक्ष्म असेल; आकृतीत दोघांचे चिन्ह एकच असते. चिन्ह आणि फूटप्रिंट यांतील हा भेद नवशिक्यांच्या लक्षात येण्यास वेळ लागतो, आणि अनेक चुकांचे मूळ येथेच असते.

तिसरा टप्पा मांडणीचा. घटक फलकावर रचले जातात आणि परिपथ आकृतीतील जोडण्यांनुसार ट्रॅक काढले जातात. जी जोडणी अद्याप झालेली नाही ती बारीक सरळ रेषेने दाखवली जाते. ट्रॅकची रुंदी त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरते. ३५ मायक्रोमीटर जाडीच्या बाह्य थरावर १ अँपिअर प्रवाह वाहत असताना तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक वाढू नये असे वाटत असल्यास, प्रचलित आयपीसी-२२२१ मानकानुसार सुमारे ०.३ मिलिमीटर रुंदी लागते.

चौथा टप्पा नियम तपासणीचा. दोन ट्रॅकमधील अंतर, छिद्राभोवतीच्या तांब्याची रुंदी, फलकाच्या कडेपासूनचे अंतर इत्यादी गोष्टी ठरवून दिलेल्या मर्यादेत आहेत की नाहीत, हे सॉफ्टवेअर तपासते. या मर्यादा वापरणाऱ्याने स्वतः भराव्या लागतात. ज्या कारखान्यातून फलक करून घ्यावयाचा, त्याच्या क्षमतेनुसार त्या भरल्या नाहीत, तर तपासणी निर्दोष येऊनही फलक बिघडू शकतो.

शेवटचा टप्पा उत्पादन फाइलींचा. तांब्याचा प्रत्येक थर, हिरवा संरक्षक लेप, त्यावरील पांढरी अक्षरे आणि फलकाची बाह्यरेषा यांची प्रत्येकी एक गर्बर फाइल तयार होते. छिद्रांसाठी बहुधा एक्सेलॉन स्वरूपाची वेगळी फाइल दिली जाते. जगभरातील कारखाने गर्बर फाइली स्वीकारतात. त्यामुळे आराखडा कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये झाला, याच्याशी कारखान्याला सहसा कर्तव्य नसते.

इतिहास

पॉल आइस्लर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याने १९३६च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुद्रित परिपथ वापरून रेडिओ संच तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र उद्योगात रुजले. त्या काळी आराखडे हातानेच होत. पारदर्शक पत्र्यावर काळ्या चिकटपट्ट्या आणि तयार ठिपके चिकटवून आराखडा मूळ आकाराच्या दुप्पट किंवा चौपट काढला जाई. मग छायाचित्रणाने तो लहान करून फलकावर उतरवला जाई. एक जोडणी चुकली तर अनेक पट्ट्या उपटून पुन्हा लावाव्या लागत.

१९६०च्या दशकापासून अमेरिकेतील गर्बर कंपनीची, प्रकाशकिरणाने फिल्मवर रेखाटन करणारी यंत्रे वापरात आली. त्या यंत्रांना दिल्या जाणाऱ्या सूचनांवरूनच आजचे गर्बर फाइल स्वरूप विकसित झाले. सध्या बेल्जियममधील युकॅमको ही कंपनी त्याची देखभाल करते.

वैयक्तिक संगणक आल्यानंतर १९८०च्या दशकात हे काम टेबलावर आले. १९८५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात प्रोटेल ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे अल्टियम या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी अमेरिकेत ऑरकॅड कंपनीची सुरुवात झाली. १९८८मध्ये जर्मनीत कॅडसॉफ्ट कंपनीने ईगल बाजारात आणले. १९९२मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अध्यापन करणारे ज्याँ-पिएर शारा यांनी किकॅडचा पाया घातला. २०१०नंतरच्या दशकात ब्राउझरमध्येच चालणारी साधने पुढे आली. त्याच काळात लहान संख्येने फलक करून देणारे कारखाने स्वस्त झाल्यामुळे हौशी वापर झपाट्याने वाढला.

हौशी वापरातील प्रमुख सॉफ्टवेअर

ईगल

ईगल हे नाव, ‘वापरण्यास सोपा आलेखी मांडणी संपादक’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. त्याची एक मोफत आवृत्ती उपलब्ध असे. तिच्यात फलक दोन थरांचा आणि १०० × ८० मिलिमीटरपर्यंतच असावा, अशी मर्यादा होती. हौशी कामाला एवढे पुरत असल्याने ईगल लोकप्रिय झाले. आर्डुइनोच्या मूळ फलकांचे आराखडे ईगलच्या स्वरूपात खुले केले गेले. स्पार्कफन आणि अ‍ॅडाफ्रूट या हौशी बाजारपेठेतील अमेरिकी कंपन्यांनीही आपले घटकसंग्रह याच स्वरूपात प्रसिद्ध केले. त्यामुळे शिकणाऱ्याला असंख्य तयार नमुने मिळू लागले.

कॅडसॉफ्ट २००९मध्ये प्रीमियर फार्नेल या घटक विक्रेत्या कंपनीकडे गेली आणि २०१६मध्ये ईगल ऑटोडेस्कने विकत घेतले. २०१७च्या आरंभी ऑटोडेस्कने एकदाच पैसे भरून कायमचा परवाना देण्याची पद्धत बंद केली व वर्गणीची पद्धत आणली. जून २०२३मध्ये कंपनीने जाहीर केले, की ७ जून २०२६नंतर ईगलची विक्री आणि त्याला मिळणारे साहाय्य बंद होईल आणि त्याची कार्ये फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये सामावली जातील.

किकॅड

किकॅड हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून ते जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली वितरित होते. ते विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. फलकाचा आकार, आकृतीची पाने किंवा व्यावसायिक वापर यांवर त्यात परवान्याचे बंधन नाही.

आरंभीची अनेक वर्षे किकॅड वापरण्यास अवघड आणि विस्कळीत मानले जाई. स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरील सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेने २०१०नंतरच्या दशकात त्याच्या विकासाला हातभार लावल्यावर हे चित्र पालटू लागले. संस्थेला आपले इलेक्ट्रॉनिक आराखडे जगासाठी खुले करावयाचे होते. परंतु महाग सॉफ्टवेअरमध्ये काढलेला आराखडा खुला केला तरी तो उघडण्याचे साधन इतरांकडे नसे. नवा ट्रॅक टाकताना आड येणारे ट्रॅक आपोआप बाजूला सरकवण्याची सोय सर्नच्या अभियंत्यांनी किकॅडमध्ये आणली. २०१८मधील पाचव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली किकॅडमध्ये उघडता येऊ लागल्या. २०१९मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. डिसेंबर २०२१मधील सहाव्या आवृत्तीत परिपथ आकृतीचे फाइल स्वरूप बदलले आणि दोन्ही संपादकांच्या वापराची रीत बऱ्याच अंशी एकसारखी झाली.

किकॅडच्या फाइली साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. त्यांत फलकाचे त्रिमितीय दर्शन व परिपथाचे संगणकीय अनुकरण यांची सोय आहे. मात्र ट्रॅक आपोआप काढून देणारी अंतर्गत सोय त्यात नाही. त्यासाठी फ्रीराउटिंगसारखे बाहेरचे साधन जोडावे लागते. तसेच नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे एकत्र काम करणाऱ्या गटाने एकच आवृत्ती ठरवून घ्यावी लागते.

इझीईडीए

इझीईडीए हे चीनमधील शेन्झेन येथील सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते. स्थापना करावी लागत नसल्यामुळे कोणत्याही संगणकावर काही मिनिटांत काम सुरू करता येते. एलसीएससी हा घटक विक्रेता आणि जेएलसीपीसीबी हा फलक उत्पादक यांच्याशी ते थेट जोडलेले आहे. आकृतीत निवडलेल्या घटकाला विक्रेत्याचा क्रमांक आधीच लागलेला असतो, आणि पूर्ण झालेला फलक त्याच पानावरून मागवता येतो. घटक बसवूनही मिळतात.

या सोयीची दुसरी बाजू अशी, की काम मुख्यतः कंपनीच्या सर्व्हरवर साठते आणि घटकसंग्रह एका विक्रेत्याच्या साठ्याभोवती गुंफलेला असतो. संग्रहातील अनेक नोंदी वापरकर्त्यांनी भरलेल्या असल्यामुळे त्या पडताळून घ्याव्या लागतात.

फ्रिट्झिंग

फ्रिट्झिंगचा आरंभ २००७च्या सुमारास जर्मनीतील पॉट्सडॅम येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठात झाला. तंत्रज्ञ नसलेले कलावंत आणि शिक्षक यांना परिपथ मांडता यावा, हा त्यामागील हेतू होता. त्यात एकाच परिपथाची ब्रेडबोर्ड, परिपथ आकृती आणि पीसीबी अशी तीन दृश्ये असतात. ब्रेडबोर्डचे चित्र हुबेहूब दिसत असल्याने पाठ्यसाहित्यात ते फार उपयोगी पडते. त्याची संहिता मुक्त आहे. मात्र अधिकृत तयार प्रतीसाठी अल्प शुल्क घेतले जाते. दाट किंवा मोठ्या फलकासाठी ते अपुरे पडते.

अन्य

आरएस कंपोनंट्स या विक्रेत्या कंपनीचे डिझाइनस्पार्क पीसीबी हे विंडोजवर चालणारे, पण मुक्त स्रोत नसलेले साधन आहे. लिब्रेपीसीबी हे २०१३मध्ये सुरू झालेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून त्याची १.० ही आवृत्ती २०२३मध्ये आली. १९९०च्या दशकात आरंभ झालेला जीईडीए हा लिनक्सवरील जुना मुक्त स्रोत संच आहे. अल्टियम डिझायनर आणि ऑरकॅड ही उद्योगात रूढ असलेली साधने समर्थ आहेत. परंतु त्यांचे मूल्य हौशी व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचे असते.

फाइलींच्या मालकीचा प्रश्न

ईगलच्या इतिहासामुळे निवडीचा एक पैलू ठळक झाला. सॉफ्टवेअर बंद पडल्यास किंवा त्याच्या अटी बदलल्यास पूर्वीच्या आराखड्यांचे काय होते, हा तो पैलू होय.

गर्बर फाइली कोठेही चालतात, म्हणून आराखडा सुरक्षित आहे, असा समज नवशिक्यांत आढळतो. तो अपुरा आहे. गर्बर फाइलीत तांब्याचे आकार असतात. कोणता ट्रॅक कशासाठी आहे, कोणत्या पॅडवर कोणता घटक बसतो, परिपथ मुळात काय करतो, यांपैकी संपादनाला लागणारी माहिती त्यात उरत नाही. मूळ आराखडा आणि गर्बर यांचे नाते लेखकाची संपादनयोग्य प्रत आणि छापील पान यांच्यासारखे आहे. छापील पानाच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. पण त्यातले एक वाक्य बदलायचे तर मूळ प्रत लागते. एक रोधक बदलण्यासाठी किंवा फलक थोडा लहान करण्यासाठी मूळ फाइल आणि ती उघडणारे सॉफ्टवेअर ही दोन्ही हाती असावी लागतात.

ईगलच्या वापरकर्त्यांची संपूर्ण कोंडी झाली नाही, याचे एक कारण तांत्रिक आहे. सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली एक्सएमएल या वाचता येण्याजोग्या मजकूर स्वरूपात साठवल्या जाऊ लागल्या होत्या. त्यामुळे किकॅडसारख्या अन्य साधनांना त्या वाचणे शक्य झाले. तरीही असे रूपांतर पूर्णतः निर्दोष नसते. अक्षरांचे आकार, तांब्याने भरलेली क्षेत्रे आणि नियमांच्या मर्यादा पुन्हा तपासाव्या लागतात. वर्षानुवर्षे जमवलेले घटकसंग्रह आणि हाताला बसलेली सवय तर नव्याने घडवावी लागते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा विकासही थंडावू शकतो. परंतु त्याची जुनी प्रत वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि फाइल स्वरूप उघड असल्याने दुसरे साधन ते वाचू शकते. हा भेद पहिल्या फलकाच्या वेळी जाणवत नाही. दहावा फलक दुरुस्त करण्याची वेळ येते, तेव्हा तो जाणवतो.

निवडीचे निकष

सर्वांना सारखेच योग्य असे एक सॉफ्टवेअर नाही. निवड करताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

मूळ फाइल : आराखडा स्वतःच्या संगणकावर साठवता येतो का, इंटरनेट नसताना उघडतो का आणि त्याचे स्वरूप इतर साधनांना वाचता येते का, हे पाहणे दीर्घकालीन दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असते.

मोफत आवृत्तीच्या मर्यादा : फलकाचे क्षेत्रफळ, थरांची संख्या, आकृतीची पाने आणि व्यावसायिक वापराची मुभा यांवरील बंधने आधीच वाचून घ्यावी लागतात. छंदातून लहान उद्योग उभा राहण्याची शक्यता असल्यास शेवटची बाब विशेष महत्त्वाची ठरते.

घटकसंग्रह : हव्या त्या घटकांची चिन्हे आणि फूटप्रिंट तयार मिळतात का, याइतकेच ती नव्याने तयार करणे किती सोपे आहे, हेही पाहावे लागते. कोणताही संग्रह पूर्ण नसतो.

शिकण्याचे साहित्य : पाठ, पुस्तिका आणि शंका विचारता येतील असे अनुभवी लोक जेथे आहेत, ते साधन नवशिक्याला सुलभ पडते. परिचयातील व्यक्ती जे साधन वापरते तेच शिकणे, हा निकष वरवर अशास्त्रीय वाटला, तरी अडलेल्या वेळी तोच सर्वाधिक उपयोगी ठरतो. साहित्य सध्याच्या आवृत्तीचे आहे की नाही, हे मात्र तपासावे लागते. जुन्या आवृत्तीवरील पाठांतील आज्ञा नव्या आवृत्तीत त्याच जागी सापडतील असे नाही.

संगणक : ब्राउझरमधील साधन जुन्या किंवा सामायिक संगणकावरही चालते, पण त्यास अखंड इंटरनेट लागते. संगणकावर स्थापित होणारे साधन एकदा उतरवून घेतले की जोडणीविनाही चालते.

कामाचा हेतू : एकच फलक लवकर हवा असेल, तर इझीईडीएसारखे कारखान्याशी जोडलेले साधन वेळ वाचवते. केवळ ब्रेडबोर्डचे चित्र समजावून सांगायचे असेल, तर फ्रिट्झिंग पुरेसे आहे. छंद दीर्घकाळ चालवायचा असेल किंवा आराखडे इतरांसाठी खुले करावयाचे असतील, तर किकॅडसारखे मुक्त साधन शिकण्यात घातलेला अधिकचा वेळ वाया जात नाही.

पडताळणीसाठी एक लहान परिपथ

दोन साधनांपैकी एक निवडायचे असल्यास एकच लहान परिपथ दोन्हींत काढून पाहणे हा व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी ५५५ या टायमर आयसीवर आधारित, एलईडी उघडझाप करणारा परिपथ सोयीचा पडतो. १ किलोओहम व ६८ किलोओहमचे दोन रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो.

घटक जेमतेम सहा-सात असले, तरी आराखड्याचे जवळपास सर्व टप्पे यात येतात. आयसीसाठी आठ पायांचे, २.५४ मिलिमीटर अंतराचे फूटप्रिंट शोधावे लागते. पाव वॅटच्या रोधकासाठी छिद्रांतील अंतर ७.६२ ठेवावे की १०.१६ मिलिमीटर, हे ठरवावे लागते. धारित्र ५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याच्या पायांतील अंतर सहसा २ मिलिमीटर असते, मोठ्या व्यासाच्या धारित्रात ते अधिक असते. म्हणून हातात असलेला घटक मोजूनच फूटप्रिंट नेमावे लागते. शेवटी गर्बर फाइली काढून त्या वेगळ्या दर्शकात उघडून पाहता येतात. हा सर्व प्रवास कोणत्या साधनात कमी अडखळत झाला, हे शिकणाऱ्याला स्वतःच कळते.

सॉफ्टवेअरच्या मर्यादा

नियम तपासणी निर्दोष आली म्हणजे फलक चालेलच असे नाही. सॉफ्टवेअर दिलेल्या माहितीशी आराखडा जुळतो की नाही एवढेच पाहते. मूळ माहितीच चुकीची असेल तर ती चूक त्याला दिसत नाही.

याचे नेहमीचे उदाहरण ट्रान्झिस्टरच्या पायांचे आहे. बीसी५४७ आणि पीएन२२२२ हे दोन्ही ट्रान्झिस्टर प्लॅस्टिकच्या एकसारख्या वेष्टनात मिळतात. सपाट बाजू समोर धरली असता बीसी५४७चे पाय डावीकडून संग्राहक, आधार, उत्सर्जक या क्रमाने येतात, तर पीएन२२२२चे नेमके उलट, उत्सर्जक, आधार, संग्राहक असे येतात. एकाच्या जागी दुसऱ्याचे चिन्ह वापरले गेले तर तपासणीत काहीही आढळत नाही, फलक सुबक तयार होऊन येतो आणि परिपथ मात्र चालत नाही. अशा चुका टाळण्यासाठी प्रत्येक घटकाचे उत्पादकाने दिलेले माहितीपत्रक पाहणे आणि फलक मागवण्यापूर्वी आराखडा प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून त्यावर घटक ठेवून पाहणे, हे दोन उपाय रूढ आहेत. कागदाचा खर्च नगण्य असतो, तर अनेक कारखाने किमान पाच फलकांची मागणी घेत असल्याने एक चूक पाचपट होऊन घरी येते.

ट्रॅक आपोआप काढण्याच्या सोयीवर पूर्णतः विसंबणेही नवशिक्याला हितकारक नसते. जोडण्या पूर्ण होतात, पण वीजपुरवठ्याच्या रेषा अरुंद राहणे किंवा आयसीजवळचे धारित्र दूर पडणे असे दोष राहू शकतात. घटकांची विचारपूर्वक रचना झाली, तर लहान फलकावर हाताने ट्रॅक काढणे फारसे कठीण जात नाही.

भारतातील आणि महाराष्ट्रातील संदर्भ

आयआयटी मुंबई येथील फॉसी प्रकल्पाने ई-सिम हा मुक्त स्रोत संच विकसित केला आहे. परिपथ आकृतीसाठी किकॅड आणि अनुकरणासाठी एनजीस्पाइस ही मुक्त साधने एकत्र आणून, महागड्या सॉफ्टवेअरविना परिपथ काढणे, तपासणे आणि त्याचा फलक तयार करणे विद्यार्थ्यांना शक्य व्हावे, हा त्याचा उद्देश आहे. त्याच संस्थेतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवरील ध्वनिचित्र पाठ तयार होतात. त्यांत किकॅडवरील पाठांचाही समावेश आहे. प्रकल्पातील अनेक पाठांचे मराठीसह विविध भारतीय भाषांत ध्वन्यंकन झालेले आहे.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठ येथील इलेक्ट्रॉनिक घटकांच्या बाजारांतून हौशी मंडळी सुटे घटक घेतात. विदेशी संग्रहांतील फूटप्रिंट वापरताना स्थानिक बाजारात मिळणाऱ्या घटकाशी ते जुळते की नाही, हे पाहणे आवश्यक असते. विशेषतः रिले, वीजजोडणीचे टर्मिनल, पोटेन्शिओमीटर आणि दाबकळ यांच्या पायांची मांडणी उत्पादकागणिक बदलते. म्हणून घटक आधी विकत घेऊन, मापून, मग आराखडा पूर्ण करण्याची पद्धत सोयीची ठरते. एकाच बाजूचा साधा फलक घरी करावयाचा असल्यास लेसर प्रिंटरवर काढलेली आकृती इस्त्रीच्या उष्णतेने तांब्यावर उतरवतात आणि उरलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवतात. या पद्धतीसाठी सॉफ्टवेअरमधून गर्बरऐवजी मूळ आकारातील छपाई काढता येणे पुरेसे असते. मात्र ट्रॅक आणि त्यांमधील अंतर कारखान्यातील फलकापेक्षा अधिक ठेवावे लागते. वापरलेले द्रावण तांबेयुक्त व घातक असल्याने ते गटारात ओतणे योग्य नाही.

हे सुद्धा पहा

मुद्रित परिपथ फलक
किकॅड
आर्डुइनो
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
समाकलित परिपथ